सिंधूची जबानी : 'एकच प्याला' आणि वैयक्तिक आचरणावरील कायद्याची मर्यादा

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाची चर्चा मराठी समीक्षेत प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत आलेली आहे. हे नाटक मद्यपाननिषेधाचे प्रचारनाट्य आहे की सुधाकर या स्वाभिमानी पुरुषाची शोकात्मिका आहे, हा पहिला प्रश्न होय. सिंधूचे पातिव्रत्य आदर्श मानावे की ते तिच्या आत्मनाशाचे कारण समजावे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत व त्यांवर विपुल लेखन झालेले आहे. तथापि या नाटकात प्रारंभापासून अखेरपर्यंत उपस्थित असलेल्या एका घटकाकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. हा घटक म्हणजे कायदा. सुधाकर हा वकील आहे. त्याच्या अधःपाताची सुरुवात न्यायालयात होते आणि त्याच्या घराचा शेवट फौजदाराच्या समोर होतो. या दोन टोकांच्या मध्ये जे घडते ते सारे चार भिंतींच्या आत घडते आणि तेथे कायदा फिरकत नाही. माणसाच्या खाजगी आचरणात कायद्याने कोठवर शिरावे, या आजही न सुटलेल्या प्रश्नाचा विचार करताना गडकऱ्यांची ही मांडणी उपयोगी पडते. नाटककाराने तो प्रश्न जाणीवपूर्वक उपस्थित केला होता, असा दावा येथे अभिप्रेत नाही. नाट्यवस्तूच्या रचनेतच तो अंतर्भूत आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

प्रथम नाटकातील वस्तुस्थिती पाहणे इष्ट ठरेल. मुन्सफाशी झालेल्या चकमकीत सुधाकराचा अपमान होतो व त्याची सनद काही काळासाठी रद्द केली जाते. या मानभंगाचे दुःख विसरावे म्हणून त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. म्हणजे सुधाकराला दारूकडे ढकलणाऱ्या कारणांत एका अधिकृत शिक्षेचा वाटा आहे. शिक्षा नियमाला धरून असेल, पण तिचा परिणाम ज्याच्यावर व्हावयाचा तो माणूस कोणत्या घडणीचा आहे हे शिक्षेला ठाऊक नसते. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि कामधंद्याच्या शोधात प्रतिष्ठितांचे उंबरठे झिजवतो. तेव्हा प्रत्येक दारी त्याची पूर्वकीर्ती त्याच्या आधी पोचलेली असते. तो पुन्हा पेल्याकडे वळतो तो या नकारांनंतर. याउलट भगीरथाचे उदाहरण आहे. प्रेमभंगातून व्यसनाकडे वळलेला हा तरुण रामलालाच्या स्नेहामुळे आणि त्याने दाखविलेल्या कार्यामुळे सावरतो. संपूर्ण नाटकात कायद्याच्या भयाने दारू सोडणारे एकही पात्र नाही, आणि कायद्याने रोखले म्हणून पिण्यावाचून राहिलेलेही नाही. दारू सुटते ती माणसामुळे व कामामुळे, आणि धरते तीही बहुधा माणसांमुळेच. सुधाकराच्या शोकांतिकेला केवळ स्वाभिमानाच्या दोषावरून समजावून सांगणारी समीक्षा या सामाजिक नकाराला गौण स्थान देते. हे योग्य वाटत नाही.

तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ' हा या नाटकातील विनोदाचा भाग म्हणून नेहमी वाखाणला जातो. परंतु तो निव्वळ विरंगुळा नव्हे. सभा, ठराव, चर्चा असे सुधारक मंडळींचे सारे उपचार येथे मद्यप्यांनी उचललेले आहेत. शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत बसतात. ज्या काळात मद्यपाननिषेधाच्या सभा गावोगाव भरत होत्या त्या काळात गडकऱ्यांनी त्या सभांचा आकारच मद्यप्यांच्या हाती दिला. नियम आणि ठराव यांनी माणसाचे आचरण बदलते या श्रद्धेची ही थट्टा आहे. मद्यपानाच्या विरोधात लिहिलेल्या नाटकाने निषेधाच्या साधनांविषयी इतका अविश्वास दाखवावा, ही गोष्ट लक्षणीय होय.

फौजदारासमोरची सिंधू

नाटकाच्या अखेरीस नशेत सुधाकराच्या हातून मूल मारले जाते आणि सिंधू प्राणांतिक जखमी होते. फौजदार घरात येतो. मरणोन्मुख सिंधू घडल्या प्रकाराचा दोष पतीवर येणार नाही अशी जबानी देते. त्यानंतर सुधाकर दारूत विष घेऊन स्वतःला शिक्षा करतो. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी हा प्रसंग गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत अजरामर केला, आणि प्रेक्षकांनी सिंधूच्या त्या असत्याला पातिव्रत्याचा कळस मानले. पुढील काळातील समीक्षेने, विशेषतः स्त्रीवादी समीक्षेने, याच प्रसंगावर कठोर आक्षेप घेतले. दोन्ही भूमिका सिंधूच्या मनाविषयी बोलतात. फौजदाराविषयी कोणीच फारसे बोलत नाही.

वस्तुतः फौजदार येथे नेमका कशासाठी आलेला आहे, याचा विचार केला पाहिजे. खून आणि दुखापत हे १८६० च्या भारतीय दंडविधानानुसार गुन्हे होतेच. कायदा नव्हता असे नाही, पण तो शेवटच्या दिवशी आला. त्यापूर्वी सिंधू पोटासाठी दळण दळत होती. माहेरचा पैसाही घेणार नाही या पतीने घातलेल्या शपथेने ती बांधली गेली होती, आणि उपाशी मुलाला घेऊन रात्री काढीत होती. या काळात कायद्याच्या दृष्टीने त्या घरात काहीही घडत नव्हते. दारू पिणे हे सुधाकराचे वैयक्तिक आचरण होते, बायकोला उपाशी ठेवणे हाही त्याचा घरगुती मामला होता. फौजदाराजवळ सिंधूला देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नवऱ्याला फाशी. ती तिला नको होती. तिला निवारा, अन्न आणि मारापासून संरक्षण हवे होते, आणि त्यांपैकी काहीही त्याच्या अखत्यारीत नव्हते. या दृष्टीने पाहिल्यास सिंधूची खोटी जबानी केवळ भाबडेपणाची खूण राहत नाही. जो कायदा तिला फक्त वैधव्य देऊ शकतो त्याला तिने दिलेले ते उत्तर आहे.

येथे वैयक्तिक आणि सार्वजनिक यांच्यातील रेषा कोठे ओढावी हा प्रश्न उभा राहतो. ती घराच्या दारावर ओढली तर सिंधू आत आणि कायदा बाहेर राहतो. ती दुसऱ्याच्या देहावर ओढली तर सुधाकराचा पेला त्याचा स्वतःचा राहतो आणि सिंधूवरील काठी मात्र पहिल्या दिवसापासून कायद्याच्या कक्षेत येते. मराठी विचारविश्वाला हा वाद नवा नव्हता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहितेच्या शरीरसंबंधासाठीचे किमान वय १० वरून १२ वर्षे केले, तेव्हा परकीय सरकारने आमच्या गृहव्यवस्थेत हात घालू नये ही टिळकांची भूमिका होती आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे होते. टिळकांचा आक्षेप निव्वळ सनातनीपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यकर्ता परका होता ही गोष्ट खरीच होती. परंतु दारावर ओढलेली रेषा कोणाला आत कोंडते हा प्रश्न त्या भूमिकेत अनुत्तरित राहतो. याच टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढील निरोधनाच्या चळवळीचे नेतृत्व केले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. गुत्त्यापुढे उभे राहून गिऱ्हाइकाला हात जोडणारा स्वयंसेवक आणि घरात शिरणारा शिपाई यांच्यातील फरक त्यांना अचूक कळत होता. आणि अबकारीच्या उत्पन्नावर डोळा असलेल्या सरकारला तो स्वयंसेवकच खुपत होता.

दारूबंदीचा कायदा : पेल्यावर रोख

गडकरी १९१९ मध्ये निवर्तले. त्यानंतरच्या तीन दशकांत मद्यपाननिषेध हा सभांच्या ठरावातून राज्याच्या कायद्यात आला. चोपड्याच्या शेजारच्याच यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पुढील वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले व १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. या कायद्याने दारूची विक्री तर बंद केलीच, पण बाळगणे आणि पिणे हेही गुन्हे ठरविले. इतकेच नव्हे, तर दारूची प्रशंसा करणे व तिच्यासाठी चिथावणी देणे हेही त्याच्या कक्षेत घेतले. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरही त्याची छाया पडली. एफ. एन. बालसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरविला, मात्र औषधे-प्रसाधने आणि प्रशंसा यांविषयीचे भाग रद्द केले. कोलन वॉटरची बाटली जवळ बाळगता येते की नाही हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला ठरवावे लागले, यातच कायद्याचा हात कोठवर पोचला होता हे दिसून येते. 'आर्यमदिरामंडळा'तील भाषणांचा विचार या कलमाच्या प्रकाशात केला तर मोठा गमतीचा प्रश्न उत्पन्न होतो.

संविधानसभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्यनिषेधाच्या मार्गदर्शक तत्त्वावर, म्हणजेच आजच्या अनुच्छेद ४७ वर, झालेली चर्चा प्राध्यापकवर्गाने मुद्दाम वाचावी अशी आहे. महावीर त्यागी यांच्या दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर हे शिक्षणक्षेत्रातील गृहस्थ होते. व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने त्यांनी, सभागृहाचा कल विरुद्ध असताना, स्पष्ट भाषण केले. दुसरे विरोधक जयपालसिंह मुंडा होते. आदिवासींच्या धार्मिक विधींत तांदळाच्या पेयाचे स्थान आहे, ते नष्ट करण्याचा अधिकार कोणाला, असा त्यांचा प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात हे तत्त्व बंधनकारक आज्ञेच्या स्वरूपाचे नाही आणि आदिवासी क्षेत्रांसाठी घटनेत स्वतंत्र यंत्रणा आहे, याकडे लक्ष वेधले. खर्डेकरांचा मुद्दा व्यक्तीचा होता, जयपालसिंहांचा समूहाचा. दोन्ही मुद्दे त्या दिवशी मतदानात हरले, परंतु पुढील पाऊणशे वर्षांत दोन्ही पुनःपुन्हा वर आले.

१९४९ च्या या कायद्याचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्रात १९६० च्या दशकात तो सैल करण्यात आला, पण रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने तो अस्तित्वात आहे आणि मद्य प्राशनासाठी परवाना आवश्यक आहे. एका दिवसाचा, एका वर्षाचा आणि आजीवन असे परवाने आहेत. मतदान १८ व्या वर्षी, पुरुषाचा विवाह २१ व्या वर्षी आणि तीव्र मद्याचा परवाना २५ व्या वर्षी, अशी नागरिकाच्या प्रौढत्वाची चढती भाजणी आपल्याकडे आहे. ज्यांच्याजवळ परवाना नाही असे मद्यपी किती, हे मोजण्याची गरज नाही. असा कायदा सर्वांवर लागू असतो आणि म्हणूनच तो निवडून लावता येतो. पाळला न जाणारा कायदा निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे. शिपायाच्या मर्जीप्रमाणे तो जागा होतो, आणि बंगल्यापेक्षा झोपडीत अधिक वेळा जागा होतो. गुजरातने हाच मूळ मुंबई कायदा कडकपणे चालू ठेवला. तेथे जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे दगावली. २०२३ च्या डिसेंबरात त्याच राज्याने गिफ्ट सिटी या वित्तकेंद्रात मद्यपानाला मुभा दिली.

हाच भेद महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्सबारबंदीच्या वेळी पाहिला. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे कारण पुढे करून साध्या बारमधील नृत्य बंद झाले, तारांकित हॉटेले वगळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी अवैध ठरविली. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी आली त्या स्त्रियांचे काम गेले, एवढा निष्कर्ष मात्र निकालाची वाट न पाहता हाती आला होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी

चोपडा तालुका हा तापी आणि सातपुडा यांच्यामध्ये वसलेला आहे. दक्षिणेस केळी व कापसाची काळी जमीन, उत्तरेस भिल्ल, पावरा, तडवी यांच्या पाड्यांचा डोंगराळ पट्टा. या पट्ट्यात मोहाचे फूल हे अन्न आहे, विक्रीचा माल आहे, आणि देवाला वाहण्याचे पेय त्यापासूनच निघते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपाला गुन्ह्याचे रूप दिले. हेतू नैतिक नव्हता. मक्तेदाराच्या दुकानातील करपात्र दारू खपावी हा होता. पुढे राज्य बदलले आणि त्याच मनाईला नीतीचे नाव मिळाले. डोंगरातील माणसाच्या दृष्टीने मडके फोडणारा शिपाई मात्र तोच राहिला. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय 'कायदा आणि नीती' यांच्या नात्याची खानदेशातील चर्चा पुरी होत नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. हे पाऊल योग्य असले तरी फार उशिराचे होते, असेच म्हणावे लागेल.

परंतु येथे चित्राची दुसरी बाजू येते आणि ती स्वातंत्र्यवाद्यांना अडचणीची आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुला महाराजांच्या प्रभावाने सातपुड्यातील हजारो भिल्लांनी दारू सोडली. 'आप'च्या नावाने परस्परांना अभिवादन करणारी ही मंडळी आरतीसाठी एकत्र जमत. दक्षिण गुजरातेतील १९२२ च्या 'देवी' चळवळीचा डेव्हिड हार्डिमन यांनी केलेला अभ्यासही असेच दाखवितो की, आदिवासींनी दारूचा त्याग केला तो सावकार व दारूविक्रेते यांच्या पकडीतून सुटण्यासाठी, आणि तो त्यांनी स्वतः होऊन केला. या त्यागात व्यक्तीची निवड किती आणि समूहाचा दाब किती, हे वेगळे करणे कठीण आहे. व्रत न पाळणाऱ्याला पंक्तीतून उठवणारा समाज कायद्यापेक्षा मवाळ असतोच असे नाही. जातपंचायतींच्या दंडांना आणि वाळीत टाकण्याच्या प्रथेला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. तेव्हा राज्याने वैयक्तिक आचरणातून अंग काढून घेतले की व्यक्ती स्वतंत्र होते, हे गृहीतक आपल्या भूमीत तपासून घेतले पाहिजे. राज्य मागे सरते तेथे पंचायत पुढे येते.

महाराष्ट्रात २००८ च्या शासनादेशानुसार दारूदुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. उभी बाटली आणि आडवी बाटली ही त्याची चिन्हे ग्रामीण भागात सर्वपरिचित आहेत. झालेल्या मतांचे नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांचे निम्म्याहून अधिक मत आडव्या बाटलीला पडावे लागते, ही अट सोपी नाही. मजुरी सांजवेळी घरी येण्यापूर्वीच गुत्त्यावर संपते हा ज्यांचा रोजचा अनुभव आहे त्या स्त्रियांना व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रवचन ऐकविणे हे निष्ठुरपणाचे होईल. त्यांची मागणी आणि १९४९ च्या कायद्याचे तत्त्व यांत मात्र महत्त्वाचा भेद आहे. आडवी बाटली दुकान बंद करते, पिणाऱ्याला तुरुंगात धाडत नाही. दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. व्यापार हे वैयक्तिक आचरण नव्हे. गावाच्या तोंडाशी, शाळेच्या वाटेवर कोणता धंदा चालावा हे ठरविण्याचा अधिकार गावाला असणे आणि घरात बसून कोणी काय प्यावे हे ठरविण्याचा अधिकार राज्याला असणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. दारूबंदीच्या समर्थकांकडून व विरोधकांकडून, दोन्हीकडून, हा घोटाळा सातत्याने होतो.

अर्थात दुकान बंद झाल्याने दारू संपते असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली, आणि अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन, रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर, २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. १९९३ पासून बंदी असलेल्या गडचिरोलीत मात्र बंदीला गावपातळीवरील संघटनेची जोड देण्याचे प्रयत्न चालू राहिले. बिहारने २०१६ मध्ये अत्यंत कठोर बंदी आणली, पण २०२२ मध्ये प्रथमच पिताना सापडलेल्याला दंडावर सोडण्याची तरतूद करणे त्या राज्याला भाग पडले. पिणाऱ्यांच्या खटल्यांचा भार न्यायालयांना सोसवत नाही, याची ती कबुली होती.

मिल, डेव्हलिन आणि सुधाकर

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त दुसऱ्याला होणारी हानी हाच हस्तक्षेपाचा निकष मानला, हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथातील एक स्थळ मात्र आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. नशेत एकदा हिंसा केल्याबद्दल जो दोषी ठरला त्याच्यावर, फक्त त्याच्यावर, पिण्याबाबत विशेष निर्बंध घालणे पूर्णतः न्याय्य ठरेल, असे मिल म्हणतात. म्हणजे मिल यांच्या विचारात सुधाकराचा पहिला पेला स्वतंत्र आहे, सिंधूवर हात उगारल्यानंतरचा पेला स्वतंत्र नाही. विल्यम डेव्हलिन नव्हे, तर पॅट्रिक डेव्हलिन या इंग्रज न्यायमूर्तींनी १९५९ मध्ये समाजाला आपली नीती कायद्याने राखण्याचा अधिकार आहे असे प्रतिपादन केले आणि एच. एल. ए. हार्ट यांनी १९६३ मध्ये त्याचे खंडन केले. भारतीय न्यायालयांचा प्रवास, नाना वळणे घेत, हार्ट यांच्या दिशेने झाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये परराज्यात वैधपणे कापलेल्या गोवंशाचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम खाजगीपणाच्या आधारे रद्द केले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०१८ मध्ये समलिंगी प्रौढांचे संमतीचे संबंध आणि व्यभिचार हे दोन्ही गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर गेले.

या प्रवासाचे स्वागत करतानाच सिंधूचा प्रश्न विसरता कामा नये. खाजगीपणाचा हक्क हा घराचा हक्क समजला गेला तर तो सुधाकराचा हक्क होतो. तो व्यक्तीचा हक्क आहे असे मानले तरच त्यात सिंधूला वाटा मिळतो. याच कारणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा हा वैयक्तिक आचरणावरील कायद्यांच्या इतिहासात दारूबंदीपेक्षा कितीतरी अधिक विचारपूर्वक केलेला कायदा म्हणावा लागेल. १९८३ च्या कलम ४९८-अ प्रमाणे तो थेट तुरुंगाची भाषा बोलत नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क, निर्वाहाची रक्कम आणि संरक्षणाचा आदेश तो प्रथम देतो. आदेश मोडला तर शिक्षा. पतीला फासावर न चढविता स्त्रीला वाचविण्याची शक्यता या कायद्याने निर्माण केली. सिंधूपुढे ती असती तर तिने वेगळी जबानी दिली असती काय, या प्रश्नाचे उत्तर नाटकात शोधणे व्यर्थ आहे. गडकऱ्यांची सिंधू कदाचित त्या कायद्याकडेही पाठ फिरविती. पण मग तिच्या नकाराचा अर्थ वेगळा झाला असता. पर्याय असताना केलेला त्याग आणि पर्याय नसताना केलेला त्याग यांना समीक्षेने एकाच नावाने संबोधणे बरोबर नाही. गंधर्वयुगातील प्रेक्षकाने ते केले आणि सिंधूवर टीका करणाऱ्या पुढील समीक्षकांनीही, उलट बाजूने, तेच केले.

चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी घालण्याचा, तसेच त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ मध्ये झाले. जयपालसिंहांनी मागितलेली स्वायत्तता आणि आडव्या बाटलीमागची स्त्रियांची मागणी अशा दोन्ही गोष्टी या एकाच तरतुदीत एकत्र आलेल्या आहेत. विक्रीबरोबर 'सेवन' हा शब्दही तेथे आहे, आणि म्हणून १९४९ च्या कायद्यातील दोष ग्रामसभेच्या ठरावातही उतरू शकतो. विधीसाठी घरी गाळलेले मोहाचे पेय आणि मजुरी गिळणारा गुत्ता यांत ग्रामसभा फरक करते की नाही, आणि तो करताना सभेला बसलेल्या स्त्रियांची संख्या किती असते व त्यांपैकी किती जणी प्रत्यक्ष बोलतात, हे या भागातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र व मराठी विभागांनी पाड्यांवर जाऊन नोंदविण्यासारखे आहे.